'वाढीचं जनुक' मेंदूच्या पूर्वपेशींशी नेमकं काय करतं? (एन-मिक जनुकाबद्दल)

गुणसूत्रधार (धागाकर्ता)

परवा शेजारच्या एका धाग्यावर कुणीतरी ठामपणे लिहून गेलं की अमुक जनुक मेंदूची वाढ करतं, ते जास्त चालवलं की पेशी जास्त, आणि पेशी जास्त की बुद्धी जास्त. तिथे विषयांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढतोय.

वाढीला चालना देणारी जनुकं असतात, यात वाद नाही. पण गर्भाच्या मेंदूत ती प्रत्यक्षात काय करतात ते पाहिलं की वरचं त्रैराशिक कोलमडतं. सगळी जनुकं घेत बसलो तर पुराण होईल, म्हणून एकच घेतो: एन-मिक. शास्त्रीय लिखाणात एमवायसीएन.

हे जनुक १९८३ साली पुढे आलं ते कर्करोगामुळे. न्यूरोब्लास्टोमा नावाच्या लहान मुलांच्या गाठींमध्ये याच्या दोन प्रतींऐवजी प्रतींचा ढीग सापडला. त्यामुळे त्याची ओळख 'गुन्हेगार' म्हणूनच झाली. निरोगी गर्भात त्याचं काय काम, हे नंतर कळत गेलं. काम थोडक्यात असं: एन-मिकचं प्रथिन मॅक्स नावाच्या दुसऱ्या प्रथिनाशी जोडी जमवतं, ही जोडी डीएनएवर ठरावीक सहा अक्षरांच्या जागी बसते आणि रायबोसोम (पेशीतले प्रथिनांचे कारखाने) बनवणारी, पेशीचक्र (एका पेशीच्या दोन होण्याची फेरी) पुढे नेणारी अशी भरपूर जनुकं जागी करते.

उंदरात हे जनुक सगळ्याच पेशींतून काढलं तर पिल्लू गर्भातच मरतं. मग मेंदूत काय होतं ते कसं बघायचं? २००२ साली सिएटलच्या फ्रेड हचिन्सन केंद्रात रॉबर्ट आयझेनमन यांच्या प्रयोगशाळेने जनुक फक्त चेतासंस्थेच्या पूर्वपेशींतून काढलं. पूर्वपेशी म्हणजे ज्या अजून न्यूरॉन (चेतापेशी) झालेल्या नाहीत, वाटल्या जाऊन (म्हणजे विभाजन होऊन) आपली संख्या वाढवताहेत, आणि पुढे ज्यांच्यातून न्यूरॉन किंवा ग्लिया (न्यूरॉनना आधार देणाऱ्या पेशी) होणार आहेत, त्या.

पिल्लं जन्मली. पण थरथरत होती, तोल सावरत नव्हता. मेंदूचं वजन सुमारे निम्मं. 'लहान मेंदू'चं (सेरेबेलम, मेंदूचा मागचा, तोल सांभाळणारा भाग) तर सहावा हिस्सा!

आता खरा मुद्दा. पेशी कमी वाटल्या गेल्या म्हणून मेंदू लहान राहिला, एवढंच असतं तर धागा काढायची गरज नव्हती. त्यांना दुसरीही गोष्ट दिसली. एन-मिक नसलेल्या पूर्वपेशी वेळेआधीच न्यूरॉन व्हायला लागल्या होत्या. पेशीचक्र रोखणारी पी२७ आणि पी१८ ही प्रथिनं वाढली होती, आणि चक्र पुढे नेणारं सायक्लिन-डी२ घटलं होतं. म्हणजे एन-मिक दोन कामं करत होतं, वाटायला लावत होतं आणि न्यूरॉन होणं लांबवत होतं.

ही दोन कामं एकच की वेगवेगळी, यावर चर्चा व्हावी अशी इच्छा आहे. जाणकारांनी भर घालावी.

---

खलबत्ता७

वाचनखूण साठवली. प्रश्न बाळबोध आहे, हसू नका. पेशी दोन्ही का करत नाही? न्यूरॉनही व्हायचं आणि वाटतही राहायचं. त्वचेच्या, रक्ताच्या पेशी नाही का आयुष्यभर तयार होत?

---

गुणसूत्रधार

@खलबत्ता७, बाळबोध अजिबात नाही. त्वचा आणि रक्तातही पूर्ण तयार झालेली पेशी वाटली जात नाहीच. तांबडी पेशी तर केंद्रकच टाकून देते. वाटल्या जातात त्या मागे उभ्या असलेल्या मूलपेशी. न्यूरॉनचंही तसंच, फक्त मोठ्या मेंदूच्या बाह्यकात (बाहेरच्या थरात) ही मागची फळी जन्माच्या आसपास जवळजवळ संपते. त्यामुळे हिशोब गर्भातच चुकता करावा लागतो.

हा हिशोब किती नाजूक आहे ते आकड्यांत बघा. उंदराच्या मेंदूबाह्यकात न्यूरॉन तयार होण्याचा काळ सहाएक दिवसांचा, त्यात पूर्वपेशींच्या विभाजनाच्या साधारण ११ फेऱ्या होतात. समजा एका पेशीपासून सुरुवात केली आणि एकही पेशी चक्राबाहेर पडली नाही, तर ११ फेऱ्यांनंतर २०४८ पूर्वपेशी. दर फेरीत १० टक्के पेशी न्यूरॉन व्हायला बाहेर पडल्या तर उरतात ६४३ च्या आसपास. ३० टक्के बाहेर पडल्या तर ४०! प्रत्यक्षात हे प्रमाण सुरुवातीला अगदी कमी आणि शेवटी खूप जास्त असतं, मी हिशोबाच्या सोयीसाठी स्थिर धरलंय. पण सुरुवातीच्या दोन-तीन फेऱ्यांत जरा जास्त पेशी निघून गेल्या तर शेवटी केवढा खड्डा पडतो ते यावरून दिसेल.

---

आजी_ऑनलाइन

म्हणजे विरजणासारखं. सगळं दही आजच खाल्लं तर उद्या दूध कशाने लावणार? आणि नुसतं विरजण साठवत बसलात तर पानात काय वाढणार!

---

गुणसूत्रधार

आजी, हे मला मूळ लेखातच सुचायला हवं होतं. 🙏

---

हडपसरचा_हजरजबाबी

थोडक्यात आमच्या चिरंजीवांना दहावीच्या आधी एन-मिकचा एक डोस द्यायला हरकत नाही. कुठे मिळतो? तुळशीबागेत?

(ह.घ्या.)

---

मिरजेचे_डॉक्टर

हलकेच घेतलं आहे, पण उत्तर गंभीरपणे देतो, कारण निसर्गाने हे दोन्ही प्रयोग माणसांवर करून ठेवले आहेत.

प्रयोग पहिला, एन-मिक कमी. फाइनगोल्ड सिंड्रोम नावाचा विकार आहे. २००५ साली कळलं की तो एमवायसीएनच्या दोन प्रतींपैकी एक निकामी असल्यामुळे होतो. दुसरी प्रत शाबूत असते, तरीही डोक्याचा घेर कमी राहतो. हाताची तर्जनी आणि करंगळी आखूड, कारण त्यांचं मधलं पेर नीट वाढत नाही. पायाची दुसरी-तिसरी आणि चौथी-पाचवी बोटं एकमेकांना जोडलेली. काही बाळांत अन्ननलिका किंवा लहान आतड्याची सुरुवात बंदच असते, आणि जन्मल्या जन्मल्या शस्त्रक्रिया करावी लागते. बुद्धी बऱ्याच जणांत सर्वसाधारण किंवा थोडी मागे. बालरोगतज्ज्ञांनी लहान डोकं दिसलं की बाळाचे मोजे काढून बोटं बघावीत, असं मी शिकाऊ डॉक्टरांना नेहमी सांगतो. आई-वडिलांचीही बघावीत, कारण दोघांपैकी एकाकडून आलेलं असू शकतं आणि त्यांना स्वतःला पत्ताही नसतो.

प्रयोग दुसरा, एन-मिक जास्त. २०१९ साली जपानमधून एका रुग्णाची नोंद झाली. एमवायसीएनमध्ये एकच अक्षर बदललेलं, त्यामुळे प्रथिनातलं ५८ व्या जागेचं थ्रिओनिन जाऊन मेथिओनिन आलं. मेंदू मोठा. पण मोठा म्हणजे हुशार नव्हे: मेंदूतल्या पोकळ्या रुंद, दोन्ही अर्धगोलांना जोडणारा पट्टा अपुरा वाढलेला, बौद्धिक अक्षमता. हातापायांना जादा बोटं. आणि न्यूरोब्लास्टोमाही झालेला.

तेव्हा हजरजबाबी, तुळशीबागेत मिळत असेल तरी घेऊ नका.

---

खलबत्ता७

बापरे. कमी झालं तर बोटं आखूड, जास्त झालं तर जादा बोटं. पण एका अक्षराने एवढं? ५८ व्या जागेचं काय विशेष?

---

गुणसूत्रधार

ती जागा म्हणजे प्रथिनाला मोडीत काढण्याची खूण जिथे लागते ती. एन-मिकचं प्रथिन अल्पायुषी असतं, अर्ध्या तासाच्या आसपास निम्मं संपतं. आधी ६२ व्या जागेवर फॉस्फेट लागतो, मग ५८ व्या जागेवर. ५८ ला लागला की एफबीएक्सडब्ल्यू७ नावाचं प्रथिन ते ओळखतं, त्याच्यावर युबिक्विटिनची साखळी चढवली जाते आणि पेशीचं कचरा विल्हेवाट खातं ते तोडून टाकतं. थ्रिओनिनऐवजी मेथिओनिन आलं तर फॉस्फेट लागायला जागाच नाही. जनुक तेवढंच चाललं तरी प्रथिन साचत जातं.

हे मोडीत काढणं पूर्वपेशीत विभाजनाच्या सुमारास होतं, आणि त्यात विभाजन घडवून आणणाऱ्या सीडीके१ या एन्झाइमचाच हात असतो. म्हणजे दर फेरीत पाटी पुसली जाते. दोन्ही लेकी-पेशींना पुढची फेरी धावायची असेल तर बाहेरून पुन्हा इशारा यावा लागतो आणि एन-मिक नव्याने बनावं लागतं. इशारा आला नाही तर पी२७ वरचढ होतं आणि पेशी चक्राबाहेर. मला हा भाग फार आवडतो. वाढीचा परवाना कायमचा नाही, दर वेळी नूतनीकरण करावं लागतं!

---

स्लाइडवाली

मी पॅथॉलॉजीत आहे, शास्त्रज्ञ नाही, त्यामुळे जे डोळ्यांनी बघते तेवढंच लिहिते. लहान मेंदूचाच सर्वांत जास्त चुराडा का झाला, हे स्लाइड पाहिली तर लगेच कळेल.

तान्ह्या बाळाच्या शवविच्छेदनातला लहान मेंदू कापून नेहमीचा गुलाबी-निळा रंग दिला की प्रत्येक वळीच्या अगदी बाहेरच्या कडेला, पातळ आवरणाच्या लगेच खाली, गर्द निळा पट्टा दिसतो. निव्वळ केंद्रकंच केंद्रकं, एकमेकांना चिकटून. मोठ्या माणसाच्या स्लाइडमध्ये तिथे काहीच नसतं, सगळा निळा थर आत गेलेला असतो. हा बाहेरचा पट्टा म्हणजे ग्रॅन्यूल न्यूरॉनच्या, लहान मेंदूतल्या इवल्या न्यूरॉनच्या, पूर्वपेशी. त्या इतर बहुतेक पूर्वपेशींसारख्या आत, पोकळीच्या काठी बसून वाटल्या जात नाहीत. बाहेर येऊन वाटल्या जातात आणि मग न्यूरॉन होत होत आतल्या बाजूला उतरतात.

त्याच पट्ट्यावर वाटल्या जाणाऱ्या पेशी दाखवणारा केआय-६७ चा डाग घेतला तर पट्ट्याचा फक्त बाहेरचा अर्धा भाग तपकिरी होतो. शेजारच्या कापावर पी२७ चा डाग घेतला तर बरोबर उलट, आतला अर्धा तपकिरी. मध्ये जेमतेम एक-दोन पेशींची सीमा. वर लिहिलेलं 'चक्रात' आणि 'चक्राबाहेर' हे इतकं शेजारीशेजारी उभं असतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं होतं डागच अर्धवट बसलाय, म्हणून बाईंकडे परत लावायला मागणार होते.

---

गुणसूत्रधार

@स्लाइडवाली, क्या बात! त्या पट्ट्याला बाहेरून येणारा इशारा म्हणजे सॉनिक हेजहॉग नावाचं प्रथिन. ते खालच्या थरातल्या पुर्किंजे पेशी (लहान मेंदूतले मोठे न्यूरॉन) सोडतात, आणि पूर्वपेशीत त्याचा निरोप एन-मिकमार्फत अमलात येतो. उंदरात हा पट्टा जन्मानंतर दोन-तीन आठवडे टिकतो, माणसात वर्षभर, थोडं पुढेमागे. म्हणजे 'वाटत राहा, अजून न्यूरॉन होऊ नका' ही अवस्था इथे सर्वांत लांबलेली. माणसाच्या मेंदूतल्या अंदाजे ८६ अब्ज न्यूरॉनपैकी सुमारे ६९ अब्ज लहान मेंदूत असतात, आणि त्यात बहुतांश हेच ग्रॅन्यूल न्यूरॉन. एन-मिक काढल्यावर बाकीचा मेंदू निम्म्यावर आणि लहान मेंदू सहाव्या हिश्श्यावर का, याचं उत्तर त्या निळ्या पट्ट्यात आहे.

आणि याच पेशी थांबल्या नाहीत तर मेड्युलोब्लास्टोमाचा (लहान मेंदूतल्या कर्करोगाचा) एक प्रकार होतो, सॉनिक हेजहॉग गट.

---

खारघर_ते_कुर्ला

मेड्युलोब्लास्टोमाचं नाव निघालंय म्हणून. आता त्याचे ढोबळमानाने चार गट मानतात: डब्ल्यूएनटी, सॉनिक हेजहॉग, गट ३ आणि गट ४. सूक्ष्मदर्शकाखाली बऱ्याचदा सारखे दिसतात, पण भवितव्य फार वेगळं. डब्ल्यूएनटी गटातली मुलं बहुतेक बरी होतात. सॉनिक हेजहॉग गटात एन-मिकच्या प्रती वाढलेल्या आणि टीपी५३ हे गाठी रोखणारं जनुक बिघडलेलं असेल तर अवघड. गट ३ मध्ये एन-मिकचं भाऊबंद जनुक, सी-मिक.

आपल्याकडची अडचण अशी की गट ठरवायच्या महागड्या चाचण्या सगळीकडे होत नाहीत आणि गाठीचा तुकडा बहुधा मेणाच्या ठोकळ्यात असतो, त्यातला आरएनए तुटलेला. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या संशोधन केंद्रातल्या गटाने २०१३ साली यावर एक व्यवहारी तोडगा प्रसिद्ध केला: १२ जनुकं आणि ९ मायक्रो-आरएनए एवढीच मोजून गट सांगायचा. मायक्रो-आरएनए (आरएनएचे चिमुकले तुकडे) इतके छोटे की मेणातही टिकतात. मराठी माध्यमांत याची बातमी आली असली तर माझ्या तरी पाहण्यात नाही. 'कर्करोगावर गोमूत्र'ला मात्र अर्धं पान!

---

शंकासुर

धागा चांगला चाललाय म्हणून मिठाचा खडा टाकतो.

सगळे जण 'एन-मिक = वाटत राहा, न्यूरॉन होऊ नका' असं धरून चाललेत. २०१४ साली एम्बो रिपोर्ट्स या शोधपत्रिकेत कोंबडीच्या गर्भावरचं काम आलंय. त्यांनी पाठीच्या कण्यातल्या मज्जानलिकेच्या पूर्वपेशींत मिक प्रथिनं वाढवली. तुमच्या हिशोबाने काय व्हायला हवं? पूर्वपेशींचा ढीग. झालं उलटंच: पेशी चक्रातून बाहेर पडून न्यूरॉन व्हायला लागल्या. आणि मिक काढून घेतलं तर न्यूरॉन होणंच अडलं.

मग आता? वाढीचं जनुक की विभेदनाचं (पूर्वपेशीला न्यूरॉन करणारं)? का ज्या प्राण्यात जे दिसलं ते आपलं खरं?

---

हडपसरचा_हजरजबाबी

🍿

---

गुणसूत्रधार

@शंकासुर, याचीच वाट बघत होतो. हे काम मलाही माहीत आहे आणि ते दुर्लक्षण्यासारखं नाही. दोन्ही निकाल खरे आहेत असं धरूनच पुढे जाऊ.

आधी तपशील. कोंबडीत त्यांनी कारणही दाखवलं. पूर्वपेशीला पूर्वपेशी ठेवणारा मुख्य इशारा नॉच. मिक वाढल्यावर नॉच दबला, त्यात नंब नावाच्या प्रथिनाचा हात होता, आणि विभाजनाची पद्धत बदलली. पूर्वपेशी वाटली जाते तेव्हा तीन शक्यता असतात: दोन्ही लेकी पूर्वपेशी, एक पूर्वपेशी आणि एक न्यूरॉन, किंवा दोन्ही न्यूरॉन. मिकमुळे पारडं न्यूरॉनकडे झुकलं. म्हणजे मिकने पेशीला 'वाटू नको' असं केलं नाही. वाटणीतून काय निघणार ते बदललं.

आता फरक बघा. कोंबडीतल्या पेशी पोकळीच्या काठच्या रेडियल ग्लिया (नाव ग्लिया, पण याही पूर्वपेशीच), त्यांचं पूर्वपेशीपण नॉचवर अवलंबून. लहान मेंदूच्या बाहेरच्या पट्ट्यातल्या पेशी हेजहॉगवर अवलंबून, आणि त्यांचं ठरून गेलेलं असतं की होणार तर ग्रॅन्यूल न्यूरॉनच. तिथे प्रश्न 'काय व्हायचं' हा नाहीच, 'किती फेऱ्यांनंतर' एवढाच आहे. तेच प्रथिन, पण पेशीपुढचा प्रश्न वेगळा.

दुसरं, जनुक काढण्याचा प्रयोग आणि जनुक लादण्याचा प्रयोग यांची सरळ वजाबाकी करता येत नाही. सिएटलच्या उंदरांत पूर्वपेशी कित्येक दिवस एन-मिकविना होत्या, कोंबडीत मिक वरून लादलं होतं.

---

शंकासुर

पहिला मुद्दा मान्य. दुसरा अर्धा मान्य. कारण कोंबडीत काढण्याचाही प्रयोग केला होता आणि तोही उलट गेला. म्हणजे 'लादलं म्हणून तसं झालं' ही पळवाट तिथे चालत नाही.

---

गुणसूत्रधार

खरं आहे, म्हणून तर पहिल्या मुद्द्यावरच जास्त भर देतोय. माझा अंदाज असा, आणि हा अंदाजच आहे: बाह्यकात सुरुवातीच्या संथ, स्वतःलाच जपणाऱ्या पूर्वपेशीला तिथून ढकलायला मिक लागत असावं, आणि ढकललेल्या पेशीला पुढे भराभर वाटायलाही तेच लागत असावं. पहिल्या पायरीवर मोजलं तर ते विभेदनाचं जनुक वाटेल, दुसऱ्या पायरीवर मोजलं तर वाढीचं.

---

शंकासुर

हे तपासता येईल. एकाच प्राण्यात, एकाच ठिकाणी, वेगवेगळ्या दिवशी एन-मिक बंद करून बघायचं. तोवर मी 'वाढीचं जनुक' हे शीर्षकातल्या अवतरणचिन्हांसकटच वाचणार.

---

बोस्टनचा_बंड्या

पेशीचक्राच्या लांबीचं कुणी बोललंच नाही अजून. धागाकर्त्याने ज्या ११ फेऱ्या सांगितल्या त्यात सुरुवातीची फेरी साधारण ८ तासांची असते आणि शेवटची १८ तासांची. वाढणारा वेळ जवळपास सगळा जी१ या टप्प्यात, म्हणजे विभाजनानंतर आणि डीएनएची नक्कल सुरू व्हायच्या आधी. तीन तासांचा जी१ बाराएक तासांवर जातो. यातून एक कल्पना पुढे आली: न्यूरॉन करणारे घटक पेशीत सतत लुडबुड करत असतातच, पण जी१ छोटा असेल तर त्यांना वेळच पुरत नाही. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या संशोधकांनी २००९ साली उंदराच्या बाह्यकात सीडीके४ आणि सायक्लिन-डी१ ही चक्र पुढे नेणारी प्रथिनं वाढवून जी१ आखूड केला. पूर्वपेशी वाढल्या, न्यूरॉन होणं पुढे ढकललं गेलं. जादा सायक्लिन काढून घेतल्यावर पेशी रीतसर न्यूरॉन झाल्या.

म्हणजे तुमच्या मूळ प्रश्नाला, दोन कामं एक की वेगळी, एक उत्तर असं: बऱ्याच ठिकाणी एकच. चक्र वेगाने फिरवणं हेच न्यूरॉन होणं लांबवणं.

---

गुणसूत्रधार

बरोबर, पण तेवढ्याने भागत नाही. २००६ साली एन-मिक नसलेल्या उंदरांतून चक्र रोखणारी पी१८ आणि पी२७ ही दोन्हीही काढली गेली. चक्र रोखणं हीच अडचण असती तर लहान मेंदू पूर्ववत व्हायला हवा होता. सुधारला, पण अर्धामुर्धाच. याचं कारण, नुसतं चक्र मोकळं करून पेशी वाढत नाही. दर फेरीत पेशीला आपलं वस्तुमान दुप्पट करायचं असतं, रायबोसोम हवेत, प्रथिनं हवीत. एन-मिक नसलेल्या पूर्वपेशींची केंद्रकंसुद्धा आक्रसलेली असतात, डीएनए घट्ट गुंडाळलेला. 'वाढ' या शब्दाखाली आपण संख्या आणि आकार दोन्ही एकत्र कोंबतो, तिथे गोंधळ होतो.

---

माहेर_नांदेड

मी गेले दोन दिवस नुसती वाचतेय. विज्ञान अर्धंच कळतंय, पण राहवलं नाही म्हणून लिहिते. माझ्या भाचीला दोन वर्षांची असताना न्यूरोब्लास्टोमा झाला, पोटात, मूत्रपिंडाच्या वर. रिपोर्टमध्ये 'एमवायसीएन अ‍ॅम्प्लिफाइड' असं होतं. त्या वेळी आम्हाला कुणी नीट समजावलं नाही, फक्त 'हाय रिस्क' म्हणाले आणि पुढचा पेशंट बोलावला. आता उपचार झालेत, शेवटी सहा महिने गोळ्या दिल्या. त्या गोळ्या मुरुमांवरच्या आहेत असं केमिस्टने सांगितलं तेव्हा भावजय घाबरली होती, चुकीचं औषध दिलं की काय म्हणून.

---

मिरजेचे_डॉक्टर

ताई, औषध चुकीचं नव्हतं. आइसोट्रेटिनोइन असणार.

आधी रिपोर्टबद्दल. न्यूरोब्लास्टोमा मेंदूत होत नाही. गर्भात मज्जारज्जूच्या कडेने काही पूर्वपेशी बाहेर पडतात आणि अ‍ॅड्रिनल ग्रंथीत व पाठीच्या कण्यालगतच्या चेतागाठींत जातात. त्या नीट तयार न होता वाढत राहिल्या तर हा आजार. साधारण पाचातल्या एका रुग्णात एमवायसीएनच्या प्रती खूप वाढलेल्या असतात, कधी शेकड्यांनी. अशा वेळी रोग मर्यादित दिसला तरी उपचार जोरकस ठेवावे लागतात, म्हणून 'हाय रिस्क'. आई-वडिलांनी काही केलं किंवा केलं नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही. प्रतींची ही वाढ गाठीतच झालेली असते, घराण्यातून आलेली नसते. हे भावजयीला आवर्जून सांगा.

गोळीचं कारण बंड्या जास्त चांगलं सांगतील.

---

बोस्टनचा_बंड्या

सांगतो. १९८५ सालचं काम आहे. न्यूरोब्लास्टोमाच्या पेशींवर रेटिनोइक आम्ल टाकलं, म्हणजे अ जीवनसत्त्वाचं एक रूप (आइसोट्रेटिनोइन त्याचंच भावंड). आधी एन-मिक उतरलं, आणि त्यानंतर पेशी न्यूरॉनसारख्या दिसायला लागल्या. क्रम महत्त्वाचा: एन-मिक आधी उतरतं.

हे मी स्वतः करतो. एन-मिकच्या प्रती वाढलेल्या पेशी बशीत नीट पसरत नाहीत, एकमेकींवर चढून पुंजके करतात, काही तर सुटून तरंगतात. मीडियम (पेशींचं द्रव खाद्य) बदलताना हात जरा जोरात पडला की अर्धा पुंजका नळीतून वर. रेटिनोइक आम्ल उजेडात खराब होतं, म्हणून हूडचा दिवा बंद करून, फॉइल गुंडाळलेल्या बाटलीतून घालायचं. पहिले दोन दिवस काहीच दिसत नाही. साधारण पाचव्या दिवसापासून पुंजक्यांच्या कडेच्या पेशी चपट्या होतात आणि त्यांच्यातून धागे निघतात, एका पुंजक्याकडून दुसऱ्याकडे. वाढ मंदावते. बशीत पेशी भरून वाहायला हव्यात त्या दिवशी अर्धी बशी रिकामी असते.

उपचारात ही गोळी शेवटी देतात, कारण मोठी गाठ नुसती हिने जात नाही. केमो, शस्त्रक्रिया वगैरे झाल्यावर ज्या थोड्या पेशी लपून राहिल्या असतील त्यांना न्यूरॉनच्या वाटेला लावायचं. १९९९ साली मोठ्या चाचणीत फायदा दिसला आणि ही पद्धत रुळली. २०२३ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत एफ्लॉर्निथिन या औषधालाही अशाच टप्प्यावर मंजुरी मिळाली. ते ज्या एन्झाइमला अडवतं त्याचं जनुक एन-मिक थेट चालवतं. खुद्द एन-मिकवर बसणारं औषध मात्र अजून नाही. त्या प्रथिनात औषध अडकवायला सोयीची खाचच नाही, मॅक्सशी जोडी जमेपर्यंत बराचसा भाग मोकळा लोंबकळत असतो.

---

माहेर_नांदेड

धन्यवाद दोघांनाही. हे भावजयीला वाचून दाखवते.

---

स्लाइडवाली

माहेर_नांदेड ताई, भाचीला आशीर्वाद. आणि एक अवांतर: काही तान्ह्या बाळांत हाच आजार यकृतात, त्वचेत पसरलेला असतो आणि तरी आपोआप विरघळून जातो. त्यांच्यात बहुधा एमवायसीएन वाढलेलं नसतं. म्हणूनच रिपोर्टमधली ती एक ओळ एवढी महत्त्वाची असते.

---

आजी_ऑनलाइन

डॉक्टर, एक विचारते. माझी नात तेवीस वर्षांची, मुरुमांसाठी हीच आइसोट्रेटिनोइन घेतेय. लग्न पुढच्या महिन्यात आहे. वर सगळं पूर्वपेशी आणि गर्भ वाचून मनात आलं.

---

मिरजेचे_डॉक्टर

आजी, बरं झालं विचारलंत. तिच्या स्वतःच्या मेंदूची या बाबतीत काळजी नको, तिथली ही फळी कधीच उठून गेली. पण गोळी चालू असताना गर्भ राहता कामा नये. गर्भात पूर्वपेशींना रेटिनोइक आम्लाचा इशारा ठरावीक जागी, ठरावीक वेळी आणि अगदी मोजका लागतो. बाहेरून तो सगळीकडे ओतला गेला तर मेंदू, चेहरा, कान आणि हृदय यांत गंभीर दोष येतात. गोळी बंद केल्यावरही किमान एक महिना थांबायचं. आणि या काळात रक्तदानही करायचं नाही, ते रक्त एखाद्या गरोदर बाईला चढू शकतं. लग्न पुढच्या महिन्यात म्हणजे तिने याच आठवड्यात त्वचेच्या डॉक्टरांना लग्नाची तारीख सांगावी. गोळी थांबवायची की गर्भनिरोधक सोबत द्यायचं, ते दोघांनी मिळून ठरवतील.